उरलेल्या घेवड्याच्या एन्फ्रिहोलादास (मुक्काम मेक्सिको, मूळ गाव ओआहाका)

पाटावरवंटा

केरेतारोत राहायला येऊन आम्हाला चार वर्षं झाली. शेजारच्या सेन्योरा मूळच्या दक्षिण मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या. वय सत्तरीच्या पुढे. मला 'मिहा' म्हणतात, म्हणजे आपल्याकडचं 'पोरी'. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदा मातीच्या मोठ्या हंड्यात काळा घेवडा शिजतो. आपण ज्याला ब्लॅक बीन्स म्हणतो तो, राजम्याचाच धाकटा भाऊ. अर्धा कांदा, लसणाचा अख्खा गड्डा, चमचाभर चरबी, एपासोते नावाच्या उग्र पाल्याची काडी आणि पाणी. मीठ दाणा मऊ झाल्यावर. याला म्हणायचं 'फ्रिहोलेस दे ला ओया', हंड्यातला घेवडा.

पहिल्या दिवशी तो वाडग्यात, कटासकट, वर कच्चा कांदा. दुसऱ्या दिवशी कट आटलेला असतो, मग तो ताटात डाव्या हाताच्या भाजीसारखा. तिसऱ्या दिवशी चरबीत परतून घोटलेले रेफ्रितोस. (यातल्या 'रे'चा अर्थ 'पुन्हा' नाही, 'चांगलं खरपूस' असा आहे. इंग्रजीत त्याचं 'दोनदा तळलेले' झालं आणि जगभर तेच चिकटलं.) आणि या सगळ्यात कुठेतरी, बहुतेक सकाळच्या खाण्याला, एन्फ्रिहोलादास.

पदार्थ दिसायला अगदी गरीब. मक्याची तोर्तिया (इथली पातळ पोळी) तेलातून काढायची, घेवड्याच्या दाट सारात बुडवायची, घडी घालून ताटलीत ठेवायची, वर आणखी सार, चुरलेलं ताजं चीज, कांद्याच्या चकत्या. रंग काळपट जांभळा. माझ्या मुलाने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, "आई, हे जळलं का?"

आता कृती. दोघातिघांपुरती.

शिजलेला काळा घेवडा दोन वाट्या, त्याचाच कट एक ते दीड वाटी. कट संपला असेल तर कढत पाणी. मक्याच्या तोर्तिया आठ, शक्यतो कालच्या. लहान कांदा, दोन लसूणपाकळ्या, दोन सुक्या 'चिले दे आर्बोल' (बारीक लांब, चांगल्या तिखट, आपली लवंगी चालेल), अवोकाडोची दोन सुकी पानं. वरून घालायला केसो फ्रेस्को (तेच ताजं चीज), क्रेमा (दाट साय), कोथिंबीर.

मिरच्या आणि पानं कोरड्या तव्यावर नुसती दाखवून घ्यायची. मिरची काळी झाली की कडवट होते, मग काही करता येत नाही. पानं शेकताना बडीशेपेसारखा वास सुटतो, तो सुटला की काढा. पाव कांदा आणि लसूण थोड्या तेलावर लालसर करून घ्या (उरलेल्या कांद्याच्या चकत्या). मग घेवडा, कट, मिरची, पानं, कांदा-लसूण सगळं मिक्सरमधून गंधासारखं बारीक. पसरट भांड्यात दोन चमचे तेल तापवून त्यावर हे ओता. चर्र आवाज आला पाहिजे. मंद आचेवर सात-आठ मिनिटं, ढवळत.

घट्टपणा हीच या पदार्थाची खरी परीक्षा. पिठल्यापेक्षा पातळ, कढीपेक्षा दाट. डाव बुडवून उलटा धरला की मागच्या बाजूला थर राहिला पाहिजे आणि त्यात बोटाने रेघ ओढली तर ती मिटता कामा नये. पण लक्षात ठेवा, चुलीवरून उतरल्यावर ते मिनिटामिनिटाला घट्ट होत जातं. म्हणून कढत पाण्याचं पातेलं शेजारी ठेवा आणि मनात जेवढं वाटतं त्याहून किंचित पातळच ठेवा.

आता तोर्तिया. दुसऱ्या तव्यात बोटाच्या अर्ध्या पेराएवढं तेल, चांगलं तापलेलं. एका वेळी एक तोर्तिया, एका बाजूने चार-पाच सेकंद, उलटून तेवढेच. याला इथे 'तेलातून पार करणं' म्हणतात, तळणं नव्हे. सेन्योरा चिमट्याने उचलून तिला झोके देऊन बघतात: रुमालासारखी लोंबली तर बरोबर, पापडासारखी ताठ राहिली तर ती बाजूला, तिचे तुकडे करून संध्याकाळी खायचे. तेलाच्या या पातळ थरामुळे तोर्तिया सारात पडली तरी विरघळत नाही. ही पायरी गाळली तर ताटात लगदा होतो, मी करून पाहिलं आहे.

मग लगेच गरम सारात बुडवायची, दोन्ही बाजूंनी माखायची, अर्धी किंवा पाव घडी, ताटलीत. चार झाल्या की वरून डावभर सार, चीज, कांदा, क्रेमा. आणि लगेच खायचं. यासाठी लोकांनी वाट पाहावी, याने लोकांची नाही.

एक सूचना जीवावर बेतलेल्या अनुभवातून. गरम घेवडा मिक्सरमध्ये काठोकाठ भरून झाकण घट्ट लावू नका. मी लावलं. वाफेने झाकण उडालं, घेवडा थेट छताला. भाड्याचं घर आहे. घरमालक मागच्या महिन्यात येऊन वर बघत म्हणाले, इथे ओल येतेय वाटतं. मी म्हटलं, हो ना, पावसाळा फार झाला यंदा.

---

तिखटजाळ

तोंडाला पाणी सुटलं! पण फोटो कुठाय? फोटोशिवाय पाकृ म्हणजे नुसतीच हूल.

आणि एक प्रामाणिक शंका: हे म्हणजे आपली आमटीत कुस्करलेली पोळीच ना?

---

पाटावरवंटा

फोटो काढला होता, पण खरंच सांगते, ओल्या डांबरावर कुणीतरी खोबरं सांडल्यासारखं दिसतंय. या पदार्थाची बदनामी करायची नाहीये मला.

आमटी-पोळीशी नातं आहेच. फरक इतकाच की कुस्करलेल्या पोळीत पोळी हरते. इथे मक्याचा वास आणि चव शेवटपर्यंत कळली पाहिजे.

---

खवचट_काका

म्हणजे शिळ्या कढीला ऊत. तीन दिवसांचा घेवडा, कालची पोळी, आणि त्याला सहा अक्षरी परदेशी नाव दिलं की पाकृ. उद्या मीही 'फोडणीचा भात' स्पॅनिशमध्ये लिहितो.

---

पाटावरवंटा

काका, लिहाच. पण एक सांगा, पुरणासाठी डाळ शिजवताना तुमच्याकडे पाणी नेमकं मोजून घालतात का? नाही ना? मुद्दाम जास्त घालतात, कारण कटाची आमटी डोक्यात असते. तिला कुणी 'उरलेल्या पाण्याची आमटी' म्हणत नाही. इथेही तसंच आहे. सेन्योरा हंडा चढवतात तेव्हाच त्यांना चौथ्या दिवसाचं खाणं दिसत असतं. घेवडा उरत नाही हो, उरवतात.

आणि इथे एक बोलीतली म्हण आहे: अचानक पाहुणे आले की 'एचाले मास आग्वा अ लोस फ्रिहोलेस', घेवड्यात आणखी पाणी घाला. आमच्या आजीचं 'आमटीत तांब्याभर ओता गं' आठवलं.

---

खवचट_काका

कटाच्या आमटीवर मात्र बोलती बंद. चालू द्या.

---

नगरी_ज्वारी

ताई, तोर्तिया नाही मिळत आमच्याकडे. ज्वारीची भाकरी चालेल का? किंवा मक्याच्या पिठाची रोटी? मक्याचं पीठ तर चक्कीवर मिळतं.

---

पाटावरवंटा

मक्याच्या साध्या पिठाची नाही जमणार, आणि त्यामागचं कारणच मोठं रंजक आहे.

इथे मका तसाच दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात. साधारण एक किलो मक्याला दहा ग्रॅम खायचा चुना आणि दोन-तीन लिटर पाणी. थोडा वेळ उकळून रात्रभर तसाच भिजू द्यायचा. सकाळी साल सुटून येतं, बोटांनी चोळून धुऊन टाकायचं. या मक्याला निश्तामाल म्हणतात, शब्द नाहुआत्ल भाषेतला. मग तो ओलाच वाटायचा, पूर्वी मेतातेवर. मेताते म्हणजे तीन पायांचा उतरता पाटा आणि दोन्ही हातांनी धरायचा लांब वरवंटा. माझं इथलं टोपणनाव त्यावरूनच सुचलं, संग्रहालयात पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला भरून आलं होतं.

चुन्यामुळे दाण्याच्या सालीतला चिवटपणा सुटतो आणि पीठ एकमेकाला धरतं. म्हणून तोर्तिया वळते, घडी होते, सारात टिकते. साध्या मक्याच्या पिठाची रोटी थापतानाच कडेला फाटते, हे पंजाबी मैत्रिणी असलेल्यांना माहीत असेल. शिवाय मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व चुन्यामुळेच शरीराला मिळतं. युरोपात मका गेला पण चुन्याची रीत गेली नाही, तेव्हा इटलीत, स्पेनमध्ये मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा, म्हणजे नायसिनच्या अभावाने होणारा रोग, पसरला. पुढे अमेरिकेच्या दक्षिणेतही तेच झालं.

त्या वाटलेल्या पिठाच्या गोळ्याला 'मासा' म्हणतात. यावरून आमच्याकडे महाभारत झालंय. सासूबाईंना फोनवर म्हटलं, "रोज सकाळी मासा आणते, ताजा असतो, दोन दिवस फ्रिजमध्येही टिकतो." पलीकडे शांतता. मग त्या हळूच म्हणाल्या, "तुला जमतंय ना तिकडे? काही वाटून घेऊ नकोस."

भारतात मासा हारिना म्हणून कोरडं पीठ ऑनलाइन मिळतं, महाग असतं. त्याच्या तोर्तिया घरी थापता येतात. ज्वारीच्या भाकरीचं मी करून पाहिलेलं नाही, तुम्हीच करा आणि लिहा.

---

नगरी_ज्वारी

'मासा आणते' ला फुटलो. ऑफिसात सगळे बघतायत.

करतो आणि कळवतो.

---

बे_एरियाचा_बंडू

मी गेल्या रविवारी असंच काहीतरी केलं होतं, नाव माहीत नव्हतं. डब्यातले ब्लॅक बीन्स, फ्रिजमधली उरलेली गव्हाच्या पिठाची मोठी तोर्तिया. बुडवली, आणि अक्षरशः खळ झाली. पोस्टर चिकटवता आली असती. बायकोने फोटो काढून ग्रुपवर टाकला.

---

पाटावरवंटा

गव्हाची तोर्तिया ही उत्तरेची, सोनोरा वगैरे भागातली. तिचं काम वेगळं, बुरितो गुंडाळणं. सारात पडली की मैदा सुटतो आणि खळ होणारच. तुमच्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर मक्याच्या मिळतात की! पाकिटातल्या असल्या तर रात्री उघड्या ताटात पसरून ठेवा, थोड्या सुकू द्या. ओली तोर्तिया तेल पिते आणि फाटते. कालची बरी म्हणते ती यासाठीच.

डब्यातला घेवडा चालेल, पण त्यातलं पाणी आधी चाखून बघा. खारट असेल तर ओतून टाका आणि साधं कढत पाणी घ्या. चीजही खारटच असतं.

---

बे_एरियाचा_बंडू

धन्स ताई. बायकोला हा धागा दाखवत नाही, आधी नीट करतो.

---

तुळशीमाळ

पाककृतीत 'चमचाभर चरबी' असं सहज लिहून गेलात. म्हणजे डुकराचीच ना? आम्ही पुढच्या डिसेंबरात मुलाकडे तिकडे येणार आहोत. बाहेर खायचं की नाही?

---

पाटावरवंटा

हो, मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, आणि घेवड्यात ती सर्रास असते. 'शाकाहारी आहे' म्हटलं तरी लोक फक्त मांसाचा तुकडा काढून देतात. चरबी किंवा कोंबडीचं सार हे त्यांच्या हिशेबात 'मांस'च नसतं. यात लबाडी नाही, त्यांच्या मनात तशी रेघच नाही. आपल्याकडे वरणावर तूप घातलं की कुणी सांगतं का? तसंच.

विचारायचं असं: "येवान मान्तेका लोस फ्रिहोलेस?" घेवड्यात चरबी आहे का? बाजारातल्या छोट्या खाणावळींत, ज्यांना फोंदा म्हणतात, स्वयंपाक करणारी बाई समोरच उभी असते, ती खरं सांगते. तेलात केलेलं असेल तर तेही सांगेल. ओआहाका शहरात गेलात तर मेर्कादो वेइन्ते दे नोविएम्ब्रेत फोंद्यांच्या रांगाच आहेत. तिथे एन्फ्रिहोलादास बरोबर तासाहो देतात, खारवून वाळवलेलं बीफ, ते 'सिन तासाहो' म्हणून आधीच सांगा. आणि त्या मार्केटच्या ज्या बोळात मांस भाजतात तिकडून जाऊ नका, धूर इतका असतो की साडीला वास महिनाभर राहील.

घरी करताना मी तेलच वापरते. सेन्योरांना हे माहीत आहे. माझं खाऊन त्या नेहमी म्हणतात, "छान झालंय मिहा, जरा आजाऱ्यासाठी केल्यासारखं."

---

स्टेथोस्कोप

पाकृ उत्तम. पण वाचणाऱ्यांपैकी कुणी कोरड्या घेवड्यापासून सुरुवात करणार असेल तर दोन गोष्टी, कारण माझ्याकडे असे पेशंट आलेले आहेत.

राजमा वर्गातल्या सगळ्या दाण्यांत फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं, लाल राजम्यात सगळ्यात जास्त. अर्धवट शिजलेले दाणे खाल्ले की दोन-तीन तासांत उलट्या सुरू होतात. पाच-सहा तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळा, मग मंद आच. हल्ली बऱ्याच घरात स्लो कुकर आलाय. त्यात कच्चा राजमा थेट घालू नका. त्याचं तापमान उकळीपर्यंत जात नाही आणि तेवढ्या कोमट उष्णतेत हे द्रव्य उलट वाढू शकतं. आपला शिट्टीचा कुकर सगळ्यात सुरक्षित.

दुसरं, चौथ्या दिवसाच्या घेवड्याबद्दल. शिजल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि तीन-चार दिवसांत संपवा. नाहीतर एकेका वेळेपुरते डबे करून फ्रीझरमध्ये.

---

पाटावरवंटा

डॉक्टर, फार बरं झालं लिहिलंत. सेन्योरा फ्रिजमध्ये ठेवत नाहीत, रोज संध्याकाळी हंडा पुन्हा उकळतात. मी मात्र फ्रिजवालीच.

इथे आणखी एक गंमत म्हणजे उंची. केरेतारो समुद्रसपाटीपासून १८०० मीटरच्या आसपास, मेक्सिको सिटी तर २२४० मीटर. पाणी इथे ९४ अंशांच्या जवळपासच उकळतं, त्यामुळे घेवडा हंड्यात तीन-तीन तास रटरटत बसतो. मी आईने दिलेला कुकर काढला तेव्हा सेन्योरा पहिल्या शिट्टीला स्वयंपाकघरातून बाहेर गेल्या. दाणे बघून परत आत आल्या. पण त्यांच्या मते कुकरच्या घेवड्याचा कट 'मुका' असतो. आणि ते खरं आहे. हंड्यातला कट दाट आणि काळा होतो, कुकरचा पाणचट राहतो. म्हणून कुकरनंतर झाकण काढून अर्धा तास मी उकळते.

---

गच्चीवरची_बाग

अवोकाडोची पानं! माझ्याकडे पुण्यात गच्चीवर बी लावून उगवलेलं झाड आहे, चार वर्षांचं, फळ शून्य. निदान पानं तरी कामाला येतील?

---

पाटावरवंटा

एक पान तोडून हातात चुरगाळा. बडीशेपेचा वास आला तर नशीब. तो वास मेक्सिकन जातीच्या झाडालाच असतो, दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अवोकाडोच्या बियांपासून आलेल्या झाडाला बहुधा नसतो किंवा नावापुरता असतो. वास नसेल तर वापरू नका, नुसतं पान म्हणून घालण्यात अर्थ नाही. त्याऐवजी एक तमालपत्र आणि पाव चमचा बडीशेप भाजून घाला. जवळपास जातं.

एपासोतेला मात्र पर्याय नाही. काही जण ओवा सुचवतात, मला पटत नाही. सरळ वगळा.

---

गच्चीवरची_बाग

चुरगाळलं. गवताचा वास आला. झाडाला आता शेवटची संधी देऊन पाहते.

---

मोंतेरेचा_मुक्कामी

मीही मेक्सिकोतच, पण उत्तरेला. आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये एन्फ्रिहोलादास मिळतात त्या काळ्या नसतातच, फिकट तपकिरी. पिंतो घेवडा, त्यात चिपोत्ले मिरची, म्हणजे धुरावर सुकवलेली हालापेन्यो. अवोकाडोचं पान वगैरे काही नाही. आत कोंबडी भरलेली. आणि मला तीच आवडते. काळ्या घेवड्याचं हे ओआहाकाचं कौतुक जरा जास्तच चालतं असं आपलं माझं मत.

---

पाटावरवंटा

हे म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने पुण्याच्या धाग्यावर येऊन मिसळ शिकवण्यासारखं झालं. पण बरोबर आहे तुमचं. प्रत्येक भागाचा घेवडा वेगळा: दक्षिणेला आणि व्हेराक्रूसकडे काळा, मध्यभागात फ्लोर दे मायो, उत्तरेला पिंतो आणि बायो. नियम एकच, घरात जो उरलाय तो. चिपोत्ले मीही घालते, अवोकाडोचं पान नसेल तेव्हा. दोन्ही एकदम मात्र नको, धूर आणि बडीशेप भांडतात.

कोंबडी भरायला माझी हरकत नाही, पण मग तो दुपारच्या जेवणाचा पदार्थ झाला. सकाळी सकाळी नुसतंच बरं. फार तर वर एक हाफ-फ्राय अंडं.

---

शब्दवेडी

नावाबद्दल थोडं अवांतर. 'एन-चिल-आदा' म्हणजे मिरचीत घातलेली, 'एन-तोमात-आदा' टोमॅटोत, 'एन-मोल-आदा' मोले सॉसमध्ये, तशी 'एन-फ्रिहोल-आदा' घेवड्यात. म्हणजे पोळी तीच, नाव आंघोळीच्या पाण्यावरून! मराठीत असा साचा नाही का? 'घेवडमाखी पोळी'?

---

तिखटजाळ

'माखी' वाचून हिंदी भाषक पळून जातील. 'घेवडवलेली'?

---

खवचट_काका

'उसळलेली पोळी'. खास घरच्या भांडणानंतर खाण्यासाठी.

---

पाटावरवंटा

काकांना बक्षीस.

---

कोरेगावचा_घेवडा

बऱ्याच दिवसांनी लॉग इन केलं ते या धाग्यासाठी. आमच्या तालुक्यात, सातारा जिल्ह्यात, वाघ्या घेवडा पिकतो. फिकट दाण्यावर तांबूस पट्टे, म्हणून वाघ्या. त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. हा पण राजम्याचाच प्रकार, म्हणजे तुमच्या सेन्योरांच्या घेवड्याच्या नात्यातलाच. ही सगळी जात मूळची अमेरिका खंडातली, मिरचीसारखीच समुद्रावरून आलेली. आम्ही त्याला आपलं समजतो आणि तो आहेच आपला.

तर आज सकाळी, उसळ कालची होती. पण त्यात काळा मसाला आणि खोबरं. ती वाटून चालेल का?

---

पाटावरवंटा

वाघ्या घेवडा! वाचूनच खाल्ल्यासारखं वाटलं. मसाल्याची उसळ वाटली तर वाईट काहीच लागणार नाही, पण मग त्याला एन्फ्रिहोलादास म्हणू नका. यात घेवड्याचा स्वतःचा मातकट, गोडसर स्वाद पुढे यायला हवा. पुढच्या वेळी घेवडा शिजला की मसाला पडायच्या आधी दोन वाट्या, कटासकट, बाजूला काढून ठेवा. वाघ्याचं सार तांबूस होईल, काळं नाही. साल पातळ असतं का त्याचं? जाड असेल तर गाळून घ्या. काळ्या घेवड्याचं मी गाळत नाही.

केसो फ्रेस्कोऐवजी पनीर हाताने चुरा, त्याला मीठ आणि दोन थेंब लिंबू लावून पाच मिनिटं ठेवा. क्रेमा म्हणजे सायीचं दही, फेटलेलं, आंबट नको.

---

नगरी_ज्वारी

अहवाल सादर करतो.

मासा हारिनाची किंमत बघून टॅब बंद केली. आईला पातळ भाकऱ्या करायला सांगितल्या, कारण सांगितलं नाही. घेवडा काळा मिळाला नाही, साधा लाल राजमा घेतला. डॉक्टरांचं वाचून कुकरला सहा शिट्ट्या काढल्या. तमालपत्र, बडीशेप, दोन लवंगी मिरच्या. मिक्सर अर्धाच भरला, झाकणावर फडकं धरलं. छत स्वच्छ आहे.

सार झकास झालं. बोटाने रेघ ओढली, मिटली नाही.

भाकरी तेलात सोडली. पहिली चिमट्याने उचलताना मध्येच तुटली. दुसरी कडक झाली. तिसरी मी फक्त दोन सेकंद ठेवली, ती सारापर्यंत पोचली, पण घडी घालताना चार तुकडे. ज्वारीची घडी होत नाही, हे मला आधी कळायला हवं होतं. चाळीस वर्षं भाकरी खातोय.

मग सगळे तुकडे ताटात पसरले, वरून सार ओतलं, पनीर, कांदा, दही.

---

पाटावरवंटा

अहो, तुकडे करून वरून सार ओतणं हाही इथला राजमान्य प्रकार आहे! शिळ्या तोर्तियाचे तुकडे तळून त्यावर मिरचीचा सॉस ओतला की चिलाकिलेस होतात, काही घरांत घेवड्याच्या सारातही करतात. तुम्ही चुकून दुसऱ्याच पदार्थाला पोचलात. आई काय म्हणाल्या?

---

नगरी_ज्वारी

आधी म्हणाली, "भाकरीची ही काय दशा केलीस." मग एक घास घेतला. मग ताट स्वतःकडे ओढलं. शेवटचा तुकडा कढईत फिरवून कढई पुसून घेतली आणि विचारलं, "यात गूळ नाही घालत का ती बाई?"

---

पाटावरवंटा

सेन्योरांना विचारलं. त्या दोन मिनिटं हसल्या, मग म्हणाल्या, त्यांना सांग, मी उद्या थोडा घालून बघते.